उजवीकडची एंट्री

योगराज भोळेने आधार बिऱ्हाड्यांचा उजवा हात मनगटाशी धरला, बोटं सरळ केली आणि तळव्यावर निळ्या मार्करने मोठा 'उ' लिहिला. शाई वाळावी म्हणून दोनदा फुंकर घातली.

"हा उजवा. आता नाही चुकायचं, आबा."

"नाही चुकत," आधार म्हणाले.

डाळमिलच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये चौदा माणसं उभी होती. जमिनीवर खडूने नऊ चौकोन आखलेले होते. प्रेक्षकांजवळचे तीन डाऊन, मागचे तीन अप, मधल्या पट्ट्यातले सेंटर. उजवं आणि डावं नटाचं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावरचं. योगराजने पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकेका चौकोनात उभं करून हे शिकवलं होतं. विलायतेत पूर्वी रंगमंच मागे चढता असायचा, म्हणून मागच्या भागाला अप म्हणतात, हेही सांगितलं होतं. बाहत्तर वर्षांच्या आधारांनी ते एका संध्याकाळीत पाठ केलं. कुणीही 'डाऊन लेफ्ट' म्हणालं की ते नेमके तिथे जाऊन उभे राहत. इंजिनिअरिंगची पोरं तेव्हा एकमेकांवर आदळत होती.

त्यांची चूक एकाच जागी होत होती.

दुसऱ्या अंकात कापसाच्या जिनिंग-प्रेसमधला म्हातारा मजूर मालकाच्या बंगल्यात येतो. आत हळदीची गडबड चाललेली. मुख्य दार अप राइटला. तिथून तो कुणाला न विचारता आत येतो, तिरपा चालत डाऊन लेफ्टला जातो आणि दोन वाक्यं बोलतो. नाटकातली सगळ्यात लांब चाल होती ती. एंट्रीच्या आधी आधारांना उजव्या विंगेत उभं करून ठेवलं तरी क्यू येईपर्यंत ते मागच्या पडद्याआडून डावीकडे निघून गेलेले असत. दर वेळी स्वयंपाकघराच्या दारातून येत.

क्यू पडला. हळदीचं गाणं थांबलं. सगळ्यांचे डोळे अप राइटला लागले.

आधार डावीकडून आले. दोन पावलांनंतर त्यांना कळलं. ते थांबले, तळवा उघडून पाहिला आणि मिटला.

"आबा," प्रॉम्प्टिंगला बसलेले पंडितभाऊ म्हणाले, "एसटीत असताना गाड्यासुद्धा आउट गेटनेच डेपोत घालत होते का?"

"मी मेकॅनिक होतो, भाऊ. ड्रायव्हर नव्हतो."

"तेच म्हटलं, डेपो शाबूत कसा राहिला."

पोरं हसली. आधारही थोडे हसले. प्रज्ञा हसली नाही. ती योगराजची सहाय्यक होती. प्रत्येक नटाची प्रत्येक हालचाल संहितेच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवणं हे तिचं काम. आधार तिचे आजोबा. त्यांना या नाटकात तिनेच आणलं होतं.

घरी जाताना ते प्रज्ञाच्या स्कूटीच्या मागच्या सीटवर बसले. आकाशवाणी चौकाच्या सिग्नलला म्हणाले, "अप राइट, अप सेंटर, अप लेफ्ट." मग सिग्नल सुटेपर्यंत बाकीचे सहा.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी बायकोकडे, नर्मदाबाईंकडे, चमचा मागितला.

"भाकरी चमच्याने खाणार का?" नर्मदाबाई म्हणाल्या.

त्यांनी डाव्या हाताने भाकरी भाजीत कुस्करली आणि उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांत चमचा धरून खाल्ली. आचवतानाही तळवा पाण्याबाहेर ठेवला. प्रज्ञाला ते दिसलं. म्हाताऱ्या माणसाचा चक्रमपणा, एवढंच तिला वाटलं.

*

चार दिवसांनी योगराजने तिला तालमीआधी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. ठिबक सिंचनाच्या कंपनीत तो डिझाइन विभागात होता. तिथून सुटला की कपडे न बदलता तालमीला यायचा. वाईट माणूस नव्हता. आठ वर्षांत त्याने कुणाला शिवी दिल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मी रतिलालशी बोललोय," तो म्हणाला. "भुसावळहून येऊन-जाऊन करेल. मागच्या वर्षी त्याने म्हातारा केलाच होता."

"आबांना काढतोयस?"

"काढतोय असं नको म्हणू. गर्दीत ठेवू त्यांना. स्पर्धेला दहा दिवस उरलेत, प्रज्ञा. ती एंट्री चुकली तर नाटक तिथेच बसतं. आवाज सोन्यासारखा आहे, पण त्यांना उजवं-डावं कळतच नाही. वय झालंय."

"कळतं त्यांना."

"मग? मुद्दाम करतात?"

तिने चहाचा ग्लास बाकावर ठेवला. वय झालंय, हे तिला लागलं होतं. वर्कशॉपमध्ये नुसत्या आवाजावरून इंजिनातला दोष सांगणाऱ्या माणसाबद्दल कुणी असं बोलावं हे तिला चालणार नव्हतं. ही गोष्ट तिला आबांनी कधीच सांगितली नव्हती, आजीने सांगितली होती. ती आपली नाही, हे त्या क्षणी तिच्या डोक्यात आलं नाही.

तिने सांगितलं. चोपडा तालुक्यातलं गाव. यात्रेत गावातली मंडळी ऐतिहासिक नाटक करायची. मारुतीच्या देवळापुढे फळ्यांचा मंच. देवळाची ओसरी मंचाच्या उजव्या अंगाला. तीच रंगपटाची खोली, राजे-सरदार तिथूनच निघायचे. डावं अंग बौद्धवाड्याच्या बोळात उघडायचं. वाड्यातल्या पोरांना भालदार-चोपदाराची कामं मिळत, पण त्यांनी बोळातच रंग लावायचा आणि डावीकडूनच यायचं. ओसरीवर पाय ठेवायचा नाही. हे कुणी कधी सांगत नसे, सगळ्यांना माहीत असे. अडुसष्ट साली आधार सोळा वर्षांचे होते. राजावर छत्री धरायचं काम होतं. नाटक बसवणारे मास्तर बाहेरगावचे होते. छत्रीवाला राजाच्या मागूनच आला पाहिजे, म्हणाले. आधार ओसरीवरून राजाच्या मागोमाग आले. राजाचं काम पाटलाच्या मुलाकडे होतं. मधोमध आल्यावर त्याने वळून पाहिलं आणि लाकडी तलवारीने आधारांना छत्री मोडेपर्यंत मारलं. मग तो आपलं भाषण पुढे बोलला. लोक हसत होते. त्यांना तो नाटकातलाच प्रसंग वाटला. डाव्या अंगाला खाली बसलेले आधारांचे वडीलही हसले.

योगराजने चष्मा काढला. बराच वेळ तो शर्टाच्या टोकाने काच पुसत राहिला.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली. "रतिलालला नको बोलवूस. थोडा वेळ दे त्यांना."

"नाही बोलवत." त्याने चष्मा परत लावला. "शब्द देतो. आबाच करतील हे काम."

आणि त्याने रतिलालला तिथूनच फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी योगराजने दुसरा अंक सुरू करण्याआधी खडू घेऊन जमिनीवरची जुनी रेघ बुटाने पुसली आणि नवी आखली.

"एक बदल आहे. आबा, तुम्ही आता लेफ्टनेच यायचं. स्वयंपाकघराच्या दारातून."

आधार खुर्चीवरून उठले.

"का?"

"ते जास्त खरं आहे. मजूर मागच्याच दाराने येणार. हे मलाच आधी कळायला हवं होतं. येईल मागच्या दाराने, बोलेल डाऊन राइटला आणि जाईल मुख्य दाराने. अप राइटला एक्झिट. सगळं नाटक त्यात आलं."

आधारांनी चौदा माणसांकडे पाहिलं. कामिनी, जी मालकिणीचं काम करत होती, तिने नजर खाली वळवली. एका मुलाने मोबाइल खिशात टाकला. पंडितभाऊ संहितेची पानं उलटत होते. त्यांना हवी ती जागा आधीच उघडलेली होती.

क्यू पडला. आधार डावीकडून आले, तिरपे चालत डाऊन राइटला थांबले आणि दोन वाक्यं बोलले.

"माझा पोरगा प्रेसमधून बाहेर आला नाही, शेठ. हळद उरकली की माणसं पाठवा."

मग उजवीकडून बाहेर. एक पाऊल इकडेतिकडे नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंडितभाऊंनीही वाजवल्या आणि कुठलाच विनोद केला नाही.

तालीम सुटल्यावर प्रज्ञा गोडाऊनची किल्ली द्यायला वॉचमन झुलालच्या खोलीशी गेली. आधार स्कूटीपाशी उभे होते.

"ताई, बाबा आज दुपारी आले नाहीत," झुलाल म्हणाला.

"दुपारी कशाला येतील? तालीम सहाला असते."

"रोज येतात ना. चारला. बस पकडून येतात, तुम्ही यायच्या आधी बाहेर जाऊन बसतात आणि तुमच्यासोबत परत आत शिरतात." झुलालला हे सांगताना मजा वाटत होती. "मला खुर्ची टाकून समोर बसवतात. म्हणतात, पब्लिक पाहिजे, एक तरी पाहिजे. आधी दोन-तीन दिवस डाव्या बाजूनेच निघायचे. मग सुधरले. काल अकरा वेळा आले, अकराही वेळा उजवीकडून. मी मोजत होतो. आज म्हणे सगळ्यांपुढे करून दाखवणार होते. दाखवलं का?"

प्रज्ञाने किल्ली त्याच्या हातात दिली.

स्कूटीवर आधार बसले. नेहमी तिच्या खांद्यावर हात ठेवत, तो आज मागच्या दांडीवर होता. अजिंठा चौफुली आली.

"तुले आजीनी सांगं," ते म्हणाले. घरात बोलायची ती बोली ते रस्त्यावर सहसा काढत नसत. "आनि तू त्याले सांगं."

"तो तुम्हाला काढत होता, आबा. रतिलालला बोलावलं होतं."

"काढू देवानं व्हतं."

मागून ट्रक गेला. तिने स्कूटी कडेला घेतली आणि बंद केली.

"त्याने कुणाला सांगू नये असं मी म्हटलं होतं."

"पंडित बोलना नही. तव्हयच माले समजी गयं." ते खाली उतरले नाहीत. तिच्या पाठीशी बोलत राहिले. "भाऊ रोज हसत व्हता. बरं वाटे. चुकस म्हनीसन हसस, बस. आज टाळ्या वाजाड्यात."

"मी उद्या बोलते योगराजशी. जुनंच ठेवू."

"पहिलांदा वाचन झायं ना, तव्हय तो म्हने, म्हातारा मोठा दारथीन येस, कोनले इचारत नही. म्हनीसन मी हो म्हनं. छप्पन वरीस व्हयनात, पोरी. एक डाव मी त्या दारथीन येवाव व्हतू."

तिने स्कूटी पुन्हा सुरू केली.

*

योगराजने ऐकून घेतलं. तो नेहमीच ऐकून घ्यायचा.

"आता नाही होणार," तो म्हणाला. "लाइट नव्याने आखलेत. मुख्य दाराचा सेट आपण एक्झिटसाठी मोठा करायला दिलाय. आणि खरं सांगू का, आता नाटक उभं राहिलंय. आधी ती नुसती एंट्री होती."

"त्यांना उजवीकडून यायचंय, योगराज. त्यासाठीच त्यांनी काम घेतलं."

"मी त्यांना उजवीकडून बाहेर काढतोय की. सन्मानाने."

"तू मला शब्द दिला होतास."

"आबाच करतील असा दिला होता. करतायत." त्याने तिच्याकडे खरोखरच कळवळून पाहिलं. "ही गोष्ट तुमच्या घरात पडून होती, प्रज्ञा. ती आता माझ्याही आत आहे. मी रात्री झोपलेलो नाही."

तिने आबांना सांगितलं, नाही म्हणा. काम सोडा. मी तुमच्याबरोबर सोडते. ते अंगणात बसून दाढी करत होते. आरशातून तिच्याकडे पाहून म्हणाले, हो म्हटलंय, चौदा माणसांचं आहे, एकाच्या जिवावर मोडायचं नसतं. दुपारी चारची बस मात्र त्यांनी नंतर कधी पकडली नाही.

यंदा त्यांच्या गटाचं नाट्यस्पर्धेचं केंद्र धुळ्याला होतं. एरंडोल, पारोळा करत टेम्पो ट्रॅव्हलर दोन तासांनी पोचली. मागून सेटचा टेम्पो. संध्याकाळी सातचा प्रयोग. साडेपाचला योगराजने रंगपटात माहितीपत्रकांचा गठ्ठा आणून ठेवला. चार पानी, आर्ट पेपरवर. तिसऱ्या पानावर दिग्दर्शकाचं मनोगत होतं आणि त्यात आधार बिऱ्हाड्यांचा फोटो. एसटीतल्या ओळखपत्रावरचा. तो कुठून मिळवला, प्रज्ञाला कळलं नाही.

आधारांनी चष्मा लावून मनोगत शेवटपर्यंत वाचलं.

"भाला लिहिलाय," ते म्हणाले. "छत्री होती."

"प्रूफात राहिलं, आबा," योगराज म्हणाला. "पुढच्या फेरीत दुरुस्त करू."

वडील हसल्याचं वाक्य ठळक टाइपात होतं. पत्रकाची घडी घालून त्यांनी ती पावडरच्या डब्याखाली ठेवली आणि रंगभूषाकाराकडे चेहरा केला.

पडदा सातला वर गेला. प्रज्ञा उजव्या विंगेत होती, अप राइटच्या दारामागे. नाट्यगृह तीन चतुर्थांश भरलेलं. परीक्षकांच्या रांगेत छोटे दिवे. पहिला अंक बरा झाला, दुसरा सुरू झाला. हळदीचं गाणं लागलं तेव्हा तिने दारामागची एक खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मग बंगल्याच्या सेटच्या सामानातली रिकामी पेटीही सरकवली. वाट मोकळी झाली. हे करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

समोरच्या विंगेत आधार उभे होते. मध्ये उजेडातलं हळदीचं घर, पलीकडे अंधार. तरी ते तिला दिसत होते आणि ती त्यांना. मागचा पडदा आणि भिंत यांच्यात दीड हाताची जागा होती, इकडून तिकडे यायला पुरेशी. गाण्याची दोन कडवी अजून बाकी होती. तिने त्या अरुंद जागेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते हलले नाहीत.

गाणं थांबलं. आधार डावीकडून आले.

त्यांनी पहिलं पाऊल टाकलं आणि टाळ्या सुरू झाल्या. तिसरं पान सगळ्यांनी वाचलेलं होतं. मागच्या रांगेत काही जण उभेही राहिले. आधारांना थांबावं लागलं. स्वयंपाकघराच्या दारात, हात खाली सोडून, ते टाळ्या संपायची वाट पाहत राहिले. संपल्यावर तिरपे चालत डाऊन राइटला आले आणि दोन वाक्यं बोलले. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. मग वळले आणि मोठ्या दाराकडे निघाले.

ते प्रज्ञाजवळ आले तेव्हा धापा टाकत होते. तिने बाजूला ठेवलेल्या खुर्चीवर बसले.

"कुठे चुकलं का?" त्यांनी विचारलं. तालमीत नट सहाय्यकाला विचारतात तसं.

"नाही."

त्यांनी मान हलवली. रंगमंचावर नाटक पुढे चालू राहिलं. ते बसून होते. वीस मिनिटांनी शेवटचा पडदा पडला आणि पडद्यामागे धावपळ सुरू झाली. योगराज सेंटरला उभा राहून सगळ्यांना हाताने ओळीत ओढत होता. त्याचे डोळे भरलेले होते.

"आबा कुठेत? आबांना मध्ये घ्या. प्रज्ञा, आबांना आण."

आधारांनी डोक्याचं पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं होतं. आता ते त्याचा एकेक वेढा सोडत होते, सावकाश, कापड जमिनीला लागू न देता.

"आबा, नमस्काराला बोलावतायत."

"तू जाय," ते म्हणाले. "त्याले इचारी ये, नमस्काराले कोणत्या बाजूथीन येवानं."

पडद्यापलीकडे टाळ्या वाढत होत्या. योगराज पुन्हा हाका मारत होता. प्रज्ञा विंगेतून हलली नाही. तिने खाली वाकून पागोट्याचं सुटलेलं टोक हातात धरलं. त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.